न वाळलेले बांगडे

माझ्या एका मित्राच्या घरात एक विनोद आहे. कुणाच्या हातून कप निसटला, कुणाचं ठरलेलं लग्न मोडलं, कुणी परीक्षेत आपटलं, की म्हणायचं, "आमच्या घराण्याचा हातच तेलकट. काही धरतच नाही." मग सगळे हसतात. हा विनोद मित्रानेच घरात आणला आणि मरेपर्यंत स्वतःवर वापरला. त्यामागची गोष्टही तो रंगवून सांगायचा: तरुणपणी आपण तैलचित्रं शिकत होतो, एकच चित्र झकास जमलं होतं, ते आपण डोक्याला चोपडलेल्या तेलाच्या हाताने नासवलं, आणि म्हणून जन्मभर कारखान्यात लेथ फिरवली. मी समोर असलो तर माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचा, "विचारा याला. हा होता तिथे."

मी होतो तिथे. आणि दर वेळी मान डोलावून हसत होतो.

स्वातंत्र्य येऊन सात-आठ वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट. आम्ही घाटकोपरला एकाच चाळीत, शेजारशेजारच्या खोल्यांत राहत होतो. मी मॅट्रिक होऊन फोर्टातल्या एका कचेरीत कारकून म्हणून चिकटलो होतो. तो मॅट्रिकला दोनदा बसून घरी बसला होता आणि दुकानांच्या पाट्या रंगवत होता. त्याचे वडील मालवणकडचे, गिरणीत साचेवाले. त्यांना पाट्यांचा राग नव्हता, पण रविवारी आम्ही मुलुंडला जे शिकायला जायचो त्याचा होता. "चित्रान पोट भरता काय रे?" असं ते त्याला माझ्यासमोर विचारायचे आणि उत्तरासाठी माझ्याकडे बघायचे, कारण मी नोकरीवाला.

मुलुंडला एका शेठजींच्या बंगल्यामागे दोन कौलारू खोल्यांत आमचे मास्तर राहत. ते पूर्वी एका संस्थानात दरबारी चित्रकाराच्या हाताखाली होते. संस्थान विलीन झालं तेव्हा राजेसाहेबांनी मोटार ठेवली आणि चित्रकार काढले. मास्तर मुंबईला आले ते हा अपमान बरोबर घेऊन, आणि दर रविवारी तो थोडा थोडा आमच्यात वाटायचे. आम्ही पाच-सहा जण असू. नावाने त्यांनी आम्हाला कधी हाक मारली नाही. माझं नाव त्यांनी 'खोडरबर' ठेवलं होतं, कारण मी लावलेला रंग पुसून पुन्हा लावायचो. मित्राचं नाव 'खलाशी'. तो सबंध दंडाने कुंचला चालवायचा, वल्हं मारल्यासारखा. मीही त्याला इथे खलाशीच म्हणतो.

मास्तर एकच गोष्ट शिकवायचे: समोर मांडलेल्या वस्तूंचं तैलरंगातलं चित्र एका बैठकीत पुरं करायचं. दुसरा दिवस नाही. ओल्यावर ओलं. दुपारी जेवण उरकून उत्तरेच्या खिडकीशी बसायचं आणि दिवेलागणीच्या आत उठायचं. याला एक कारण कलेचं होतं आणि एक चुलीचं. टेबलावर जे मांडलेलं असे तेच रात्री त्यांच्या घरी शिजायचं. दुधी, वांगी, कोलंबी, बांगडे. उजेड उतरला की काकू, म्हणजे मास्तरांच्या पत्नी, हातात ताट घेऊन दारात उभ्या राहायच्या आणि विचारायच्या, "उचलू?" मास्तर मान न वळवता म्हणायचे, "थांब." त्या उभ्याच. पुन्हा थोड्या वेळाने, "उचलू?" एकदा त्या पुटपुटल्या, "मासे मेले तरी यांच्या तावडीतून सुटत नाहीत," आणि आम्ही सगळे हसलो. मास्तर हसले नाहीत. त्या दिवशी त्यांनी पूर्ण अंधार पडेपर्यंत ताट भरू दिलं नाही.

शिकवण्याची रीत अशी. बोर्ड म्हणजे सरस लावलेला जाड पुठ्ठा, त्यावर करड्या रंगाचा हात दिलेला. आधी डोळे किलकिले करायचे, इतके की वांगं वांगं राहत नाही, नुसता काळोखाचा गोळा होतो. मग टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेल्या तपकिरी रंगाने ते गोळे टाकायचे. रेघ मारायची नाही. सावल्या पातळ ठेवायच्या, उजेड जाड. रंग मिसळायचा तो हातातल्या लाकडी फळीवर, बोर्डावर नाही. आणि एकदा फटकारा मारला की त्याकडे वळून बघायचं नाही. "ठेव. सोड." हे दोन शब्द मास्तर दिवसभर म्हणत. "ठेव. सोड. ठेव. सोड. खोडरबर, सोड म्हटलं ना! बायको आहे का ती, कुरवाळत बसायला?"

मला सोडता यायचं नाही. पिवळ्यावर जांभळा जरा जास्त पडला की मी तो सारखा करायला जायचो, मग शेजारचा सारखा करायला लागायचा, आणि तासाभरात सगळा चिखल. संध्याकाळी मास्तर बोर्डांसमोरून फिरायचे. जे पसंत नसेल ते तिथल्या तिथे सुरीने खरवडायचं. ज्याचं त्याने नाही, शेजारच्याने. ज्याचं चित्र त्याने बोर्ड दोन्ही हातांनी छातीशी धरून उभं राहायचं. खरवडलेला रंग एका डब्यात जमा करायचा. तो करडा राडा मास्तर तेल घालून घोटत आणि त्याचाच हात नव्या बोर्डांना देत. म्हणजे आम्ही पुढच्या रविवारी ज्याच्यावर चित्र काढायचो ते आमच्याच मागच्या चित्रांचं प्रेत असायचं. मास्तरांना याचा अभिमान होता.

श्रावणात मासे बंद असत. तेव्हा वांगी मांडली होती, एक पितळी तांब्या, मागे ओलं फडकं. माझी वांगी त्या दिवशी खरोखर वाईट झाली होती. मास्तरांनी सुरी खलाशाच्या हातात दिली. मी बोर्ड धरून उभा राहिलो. त्याने पहिला फटका मारला, सुरीवर आलेला राडा बघितला आणि दाराकडे तोंड करून ओरडला, "काकू, भरीत तयार आहे! कांदा-कोथिंबीर तेवढी आणा!"

सगळे हसले. मास्तर हसले. मास्तरांना हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. आणि काकू दारात पदर तोंडाला लावून हसत होत्या. मीही हसलो, कारण बोर्ड धरलेले हात मोकळे नव्हते आणि दुसरं काही करता येत नव्हतं.

परत येताना आग्रा रोडवर तो सायकल मारत होता, मी मागे कॅरियरवर. भांडुप गेल्यावर त्याने विचारलं, "रागावलास काय रे?"

"छे."

"मेल्या, रागावू नको. तुझं खरवडताना मलाच वाईट वाटलं."

"मग हसलास कशाला?"

"हसू आलं म्हणून." थोडं पुढे गेल्यावर म्हणाला, "तू पुढच्या वेळी माझं खरवड. फिट्टंफाट."

पण त्याचं खरवडायची वेळ क्वचितच यायची. दंडाने मारलेला त्याचा फटकारा जिथे पडायचा तिथे बसायचा. त्याला कष्टही नव्हते. काम चालू असताना तो गप्पा मारायचा, शीळ घालायचा, कुंचला दातात धरून दोन्ही हात केसांतून फिरवायचा. त्याची आई रोज त्याच्या डोक्यावर खोबरेल थापायची, कपाळापर्यंत ओघळ यायचे. मास्तर म्हणायचे, "खलाशी, डोक्याचा दिवा लावायचाय का?"

विक्रोळीपाशी कारखान्याचे नवे पत्रे दिसायला लागायचे. तिथे तो नेहमी सायकलवरूनच सलाम ठोकायचा आणि म्हणायचा, "थांबा साहेब, एवढ्यात येत नाही." त्याच्या वडिलांनी ओळखीने तिथे त्याच्यासाठी जागा धरून ठेवली होती. गणपतीनंतर त्यांनी निकाल लावला. शहरात दरवर्षी दिवाळीनंतर चित्रांचं एक मोठं प्रदर्शन भरायचं, आणि मास्तर आपल्या वर्गातलं एक, फक्त एकच, चित्र तिथे पाठवायचे. त्याचं चित्र तिथे भिंतीवर लागलं तर वडील आणखी एक वर्ष थांबणार होते. नाही लागलं तर, "दिवाळीपर्यंत काय ता रंगव. मगे थेट गेटार." हे त्यांनी गॅलरीत, सगळ्यांसमोर सांगितलं. आमच्या मजल्यावर प्रत्येकाला ठाऊक होतं की त्याचं एक चित्र लागायला हवं आहे.

मला त्या प्रदर्शनाची काही गरज नव्हती. मला नोकरी होती, पुढे बढती होती. हे मी मुद्दाम लिहितो, कारण नंतर मी स्वतःला बरीच कारणं दिली आणि त्यातलं एकही टिकत नाही.

वर्गाचं तेल आणायचं काम माझ्याकडे होतं. तयार रंगांच्या नळ्या परवडायच्या नाहीत. सुका रंग तेलात भिजवून काचेवर बत्त्याने घोटून ज्याचा त्याने तयार करायचा. तेल जवसाचं. ते आमच्या चाळीजवळच्या घाणीवरून मी आणायचो, बाटलीत भरून पत्र्यावर उन्हात ठेवायचो. पंधरा दिवसांत ते मधासारखं घट्ट आणि फिकट व्हायचं. जवसाच्या तेलाचा गुण असा की ते हवेवर सुकतं, कातडं धरतं, म्हणून त्यात चित्र काढता येतं. दुसरी तेलं सुकत नाहीत. हे मास्तरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "खाण्याचं तेल खायला, डोक्याचं डोक्याला, आणि पोट साफ करायचं पोटाला. इथे फक्त जवस."

नवरात्र संपल्यावरच्या रविवारी बांगडे मांडायचे ठरले. प्रदर्शनासाठीचं चित्र त्या दिवशीचं. आदल्या शनिवारी मी आमच्या फळीवरची एरंडेलाची बाटली काढली. आई महिन्यातून एकदा आम्हा भावंडांना ती पाजायची. एरंडेल दिसायला उन्हातल्या जवसासारखंच, घट्ट आणि फिकट. मी ते खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत ओतलं. ओतताना माझा हात अजिबात हलला नाही. उलट त्या दिवशी पहिल्यांदा काहीतरी नेमकं केल्यासारखं वाटलं. ठेवलं आणि सोडलं.

सायकलवर मी ती बाटली त्याला दाखवली. "हे तुझ्यासाठी वेगळं. महिनाभर उन्हात ठेवलं होतं. मास्तरांना बोलू नको, बाकीचे मागतील."

त्याने मागे वळून बघितलं. "खास माझ्यासाठी?"

"तुझं चित्र लागायला हवं ना."

तो पुढे वळला. मग भांडुपची चढण उभ्याने पॅडल मारत चढला आणि वर पोचल्यावर म्हणाला, "तू माझा खरा दोस्त, यार. भरताचं माफ कर."

टेबलावर केळीचं पान, त्यावर तीन बांगडे, एक कापलेलं लिंबू आणि मागे काळं पडलेलं पातेलं. कोळीण सकाळीच देऊन गेली होती. ताज्या बांगड्याच्या पाठीवर हिरव्या-निळ्या नागमोडी पट्ट्या असतात आणि पोटाला सगळ्या खिडकीचा उजेड. पण तो रंग हवेवर मरतो. दुपारी जो निळा असतो तो चारला शिशासारखा होतो. म्हणून मास्तर बांगडे फक्त तयार मुलांपुढे ठेवायचे. "मासा तुमच्यासाठी थांबणार नाही. त्याला मरायची घाई आहे."

खलाशाने पांढरा घोटला. एरंडेलात सफेदा लोण्यासारखा झाला. माझा बत्ता थांबला, पस्तावून नव्हे; रंग फार चांगला दिसत होता म्हणून. त्याने बोट लावून बघितलं आणि माझ्याकडे बघून डोळा मारला.

मग तो बसला. त्या दिवशी तो बोलला नाही, शीळ घातली नाही. आधी पातेल्याचा काळोख टाकला, एका हाताने. मग पानाचा हिरवा, तो पानाच्या हिरव्याहून खूपच मळकट, आणि मला वाटलं चुकला. तो चुकला नव्हता. त्या मळकट हिरव्यावर त्याने बांगड्याचं पोट एका फटकाऱ्यात ठेवलं, शेपटीकडून गळ्याकडे, आणि हात उचलला. खोलीत एकदम मासा आला. बाकीच्यांचे कुंचले थांबले. मास्तर त्याच्या मागे येऊन उभे राहिले आणि 'ठेव, सोड' म्हणायचे विसरले. सर्वांत शेवटी डोळा. काळा ठिपका, त्याच्या कडेला पिवळट कडं आणि वर सफेद्याचा एक थेंब. तो थेंब ठेवल्यावर त्याने कुंचला खाली ठेवला. मध्ये कधीतरी त्याने केसांतून हात फिरवला असेल. नेहमी फिरवायचा. मी पाहिलं नाही.

काकू दारात आल्या. "उचलू?"

"उचल," मास्तर म्हणाले. पहिल्यांदाच. मग खलाशाच्या बोर्डाकडे बोट करून, "याला सुरी लागणार नाही. हे जाईल."

काकू ताट घेऊन तशाच थांबल्या. चित्राकडे बघून म्हणाल्या, "अगंबाई. हे बांगडे तर अजून ओले आहेत."

चित्र खिडकीशेजारी खुंटीला लावलं. माझे बांगडे त्या दिवशी बरे झाले होते, कारण मी त्यांच्याकडे फारसं बघितलंच नव्हतं. मास्तर म्हणाले, "खोडरबर, हे राहू दे. वाईट नाही." तेही शेजारच्या खुंटीला लागलं.

पुढच्या रविवारी माझ्या चित्राला कातडं धरलं होतं. त्याच्या चित्राला मास्तरांनी बोटाची मागची बाजू लावली आणि बोटाला चांदी लागली. "जाड आहे, वेळ घेईल." त्याच्या पुढच्या रविवारी पोटाचा पांढरा खाली सरकायला लागला होता. माश्या चिकटल्या होत्या, खऱ्या माश्या, खोट्या बांगड्यांवर. दिवाळी तोंडावर आली. खलाशी रोज संध्याकाळी मुलुंडला जाऊन चित्राला पुठ्ठ्याने वारा घालायचा. काकू चुलीतले निखारे घमेल्यात घेऊन जवळ ठेवायच्या. मला तो येऊन सांगायचा, "आज कडेला जरा धरलंय असं वाटतं." मी म्हणायचो, "धरेल रे."

चित्रं द्यायची मुदत संपायच्या आधीच्या रविवारी मास्तरांनी बोर्ड खुंटीवरून काढला. तळाशी पांढऱ्याचा ओघळ पानावरून उतरून बोर्डाच्या कडेला लोंबत होता. त्यांनी तो बोटांत चोळला, वास घेतला. टर्पेंटाइनच्या वासापुढे दुसरं काही कळणं शक्य नव्हतं. मग त्यांनी खलाशाच्या डोक्याकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा फिरला.

"खोबरेल! या हातांनी डोकं चोपडायचं आणि त्याच हातांनी रंग घोटायचा? डुकरा, किती वेळा सांगितलं! अख्खं चित्र नासवलंस!"

खलाशी आपल्या हातांकडे बघत होता.

"तेल कोण आणतं?" मास्तरांनी एकदम विचारलं.

"मी, सर."

"कुठलं होतं?"

"घाणीवरचं. नेहमीचंच." मग मी माझ्या बांगड्यांकडे बोट केलं. "माझंही त्याच तेलातलं आहे, सर. माझं वाळलं."

हे वाक्य मी आधीपासून तयार ठेवलं होतं. खलाशाने मान वर करून माझ्याकडे बघितलं. त्या औषधाच्या बाटलीबद्दल खोलीत दोघांनाच ठाऊक होतं. त्याने एक शब्द बोलायचा होता.

"तेल चांगलंच होतं, सर," तो म्हणाला. "माझाच हात वाईट."

मास्तरांनी सुरी माझ्यापुढे धरली. "घे, खोडरबर. तुझं काम."

तो भिंतीशी उभा राहिला आणि बोर्ड छातीशी धरला. मी समोर गेलो. इतक्या जवळून त्याच्या केसांच्या तेलाचा वास येत होता. तो हळूच म्हणाला, फक्त मला ऐकू जाईल असं, "डोळा राहू दे रे. डोळा वाळला असेल."

मी डोळ्यापासून सुरुवात केली.

दिवाळीनंतर तो विक्रोळीच्या गेटात गेला. माझे बांगडे प्रदर्शनाला गेले आणि तिथे जिन्याखालच्या भिंतीवर लागले. ते दाखवायला मी त्याला नेलं नाही, तो स्वतःच सुट्टीच्या दिवशी जाऊन बघून आला आणि चाळीत सगळ्यांना पेढे वाटले. त्या तेलाने खरवडीचा डबाही सोडला नाही. म्हणजे असं की त्या डब्यातला राडा मास्तरांनी नव्या बोर्डांना लावला, ते बोर्डही सुकेनात, आणि मास्तरांनी वर्गाला सांगितलं, "खलाशी गेला, पण त्याचं खोबरेल गेलं नाही." बोर्ड जाळले. पुढे दोन-तीन वर्षांत वर्गही मोडला. मी कारकुनी सोडली, ड्रॉइंगच्या परीक्षा दिल्या, घाटकोपरलाच एका शाळेत ड्रॉइंग मास्तर झालो. अर्जात लिहायला माझ्याकडे जिन्याखालची भिंत होती.

त्याने त्या बाटलीबद्दल का सांगितलं नाही, हे मला आजही ठाऊक नाही. मी बोलू नको म्हटलं होतं म्हणून? मला वाचवायला? की त्याला खरंच वाटलं होतं की इतक्या प्रेमाने दिलेल्या तेलात काही वाईट असणार नाही? त्याने रचलेल्या गोष्टीत पुढे ती बाटली कधीच आली नाही. तो ती गाळायचा की विसरला होता, हे मी त्याच्या डोळ्यांत कितीदा शोधलं. तो नुसता हसायचा. "विचारा याला."

इथपर्यंतची गोष्ट विशीतल्या मत्सराची म्हणून कुणी सोडून देईल. पुढची सोडून देता येणार नाही.

अठरा-वीस वर्षांनी तो आपल्या मुलीला घेऊन माझ्या घरी आला. मुलगी शाळेतल्या शेवटच्या वर्षांत असेल, दोन वेण्या, गप्प. तो म्हणाला, "हिचा हात बघ रे जरा. मला वाटतं बरा आहे. पण मला काय कळतं!" मी तिच्यापुढे स्टोव्ह आणि केटली ठेवली, उरलेले रंग दिले, आणि आम्ही चहा घेत बसलो. ती रेघ न मारता सुरू झाली. आधी काळोख. मग स्टोव्हच्या पितळेवर एक पिवळा फटकारा तिने ठेवला आणि हात उचलला, आणि त्याकडे वळून बघितलं नाही. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. दंडाने रंगवत होती.

तो माझ्याकडे बघत होता. एवढं टक लावून त्याने माझ्याकडे कधी बघितलं नव्हतं. मला वाटतं तेव्हा तो मला काहीतरी देत होता, फेडायची एक जागा. किंवा नुसताच बाप होता आणि उत्तराची वाट बघत होता. दोन्हींना एकच उत्तर होतं. हिला माझ्याकडे ठेव, एवढं म्हणायचं होतं.

मी त्या फटकाऱ्याकडे बघितलं. तो फटकारा दर रविवारी माझ्या घरात येऊन बसणार, हे मला सोसणार नव्हतं.

"अगं," मी मुलीला म्हणालो, "हा तर तुझ्या बाबांचाच हात. तेलकट! यावर काही वाळायचं नाही. टायपिंग शीक."

मग आधी तो हसला, मोठ्याने, मांडीवर थाप मारून. "ऐकलंस गो? मास्तरांनी सर्टिफिकेट दिलं." मुलगी माझ्याकडे बघत होती, हसायचं की नाही ते ठरवत. बाप हसतोय म्हणून तीही हसली. जाताना तिने कुंचला धुऊन, पुसून, केस सरळ करून ठेवला. टायपिंग शिकली. एका कंपनीत लागली, बोरिवलीला संसार केला.

तो गेला तेव्हा तेराव्याला तिनेच तो विनोद सांगितला. जेवणं झाली होती, पानं उचलत होते. "बाबा म्हणायचे, आमचा हात तेलकट. काका होते तिथे." पंगत हसली. मी हसलो.

गेल्या महिन्यात तिचा फोन आला होता. ती आता रिटायर झाली आहे. म्हणाली, "काका, तुम्हाला गंमत सांगू? जवळच एक क्लास निघाला, तिथे जाऊ लागले. ऑइल नाही हं, वॉटर कलर. ऑइल आपल्या नशिबात नाही, तुम्हीच सांगितलंत ना!"

मी विचारलं, "कसं चाललंय?"

"कसलं काय. सोडला. संधिवात झालाय, बोटं मिटत नाहीत. ब्रश गळून पडतो. आमचा हात, दुसरं काय!"

ती हसली. आणि फोनवर, जिथे मला कुणी बघत नव्हतं, तिथे मीही हसलो, सवयीने.

म्हणून हे लिहिलं, आणि पहिली प्रत तिलाच पाठवतो आहे. तिने मला काका म्हणणं सोडलं तर तिचं बरोबर आहे. पण विनोद बंद करावा. मुली, त्या बाटलीत एरंडेल होतं आणि ते मी ओतलं होतं. तुझ्या बाबांचा हात कोरडा होता. तुझाही होता.